जळगावच्या उन्हात प्रोसेसर किती तापतोय ते टर्मिनलवरून बघायचं कसं

नेटवर कुठेही शोधा, प्रोसेसर रिकामा असताना ३५ ते ४५ डिग्री असावा असं लिहिलेलं सापडतं. ते लिहिणारा माणूस २२ डिग्रीच्या खोलीत बसलेला असतो भो. आपल्याकडे आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की जळगाव-भुसावळला बाहेर ४५, पत्र्याच्या शेडमधल्या दुकानात दुपारी पंखा चालू असून पण ४० च्या वर, मग तो प्रोसेसर ३५ वर येणार कुठून? फॅन फक्त हवा फेकतो, आणि फेकलेली हवा जितकी गरम तितक्याच्या खाली तो प्रोसेसरला नेऊच शकत नाही. म्हणून नुसता आकडा बघून घाबरायचं नाही आणि नुसता आकडा बघून निवांत पण राहायचं नाही. बघायच्या तीन गोष्टी आहेत: खोलीपेक्षा प्रोसेसर किती वर आहे, कामाच्या वेळी त्याचा स्पीड टिकतोय का, आणि गरमीमुळे त्याने स्वतःहून ब्रेक मारलाय का. या तिन्ही गोष्टी टर्मिनलवरून, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतून, फुकटात दिसतात.

हे सगळं उबुंटू, मिंट, डेबियन अशा लिनक्सवाल्यांसाठी आहे, विंडोजचं पुढे थोडक्यात सांगतो. कमांड मी इथे फोनवर सांगतो तशाच देवनागरीत लिहिल्यात, तुम्ही टर्मिनलमध्ये टाकताना इंग्रजी स्मॉल लेटरमध्ये टाकायच्या, आकडे पण इंग्रजीच, आणि जिथे जागा सोडलीय तिथे स्पेस द्यायची. हायफन म्हणजे मधली छोटी आडवी रेघ आणि अंडरस्कोर म्हणजे खालची रेघ, यात गल्लत झाली की कमांड चालत नाही.

आधी खोलीचं तापमान. भिंतीवर लावायचा साधा थर्मामीटर घ्या आणि टेबलाजवळ ठेवा, सीपीयूच्या डब्यामागे जिथून गरम हवा निघते तिथे नको. मोबाइलच्या हवामान अ‍ॅपवरचा आकडा इथे कामाचा नाही, तो बाहेरचा असतो, आणि मातीच्या जाड भिंतीचं जुनं घर आणि स्लॅबखालची वरच्या मजल्यावरची खोली यात दुपारी चार वाजता किती फरक पडतो ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता टर्मिनल उघडा, उबुंटू-मिंटवर कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकत्र दाबलं की उघडतं, नाही उघडलं तर मेनूतून शोधा. पहिली कमांड:

सुडो एपीटी इन्स्टॉल एलएम-सेन्सर्स

सुडो म्हणजे एस-यू-डी-ओ, एपीटी ही तीन अक्षरं, आणि शेवटी एल-एम, हायफन, सेन्सर्स. पासवर्ड मागेल, टाइप करताना बऱ्याच ठिकाणी स्क्रीनवर काहीच दिसत नाही, चांदणी पण नाही (मिंटवर चांदण्या दिसतात), नवीन माणूस इथे हमखास थांबतो की कीबोर्ड बंद पडला काय. चालू असतो, टाइप करा आणि एंटर मारा. फेडोरावाल्यांनी एपीटीच्या जागी डीएनएफ टाकायचं आणि तिथे पॅकेजच्या नावात हायफनच्या जागी अंडरस्कोर आहे.

झालं की नुसतं "सेन्सर्स" टाका. बऱ्याच मशीनवर लगेच आकडे दिसतात. नाही दिसले तर "सुडो सेन्सर्स-डिटेक्ट" चालवा. ते एकेक प्रश्न विचारत जातं की अमुक चिप तपासू का, तमुक तपासू का, सगळीकडे फक्त एंटर मारत जा, त्याने स्वतः जे उत्तर धरलंय ते सुरक्षित असतं. फक्त शेवटचा प्रश्न लक्ष देऊन वाचा, सापडलेल्या ओळी मॉड्यूल्सच्या फाइलमध्ये टाकू का असं विचारतं, तिथे नुसतं एंटर मारलं तर उत्तर नाही असं जातं आणि मग रीस्टार्टनंतर परत ठणठणाट. तिथे वाय-ई-एस असं पूर्ण टाइप करा. मग मशीन एकदा रीस्टार्ट करा आणि परत "सेन्सर्स".

तरी "नो सेन्सर्स फाउंड" येत असेल तर तुम्ही व्हर्च्युअल मशीनमध्ये (मशीनच्या आत चालणारं नकली मशीन) किंवा विंडोजच्या आतल्या लिनक्समध्ये तर नाही ना ते बघा. तिथे खऱ्या चिपपर्यंत हात पोचतच नाही, कितीही डोकं फोडलं तरी तापमान दिसत नाही.

आता जे दिसतंय ते वाचायचं कसं. इंटेलवाल्यांना "कोअरटेम्प" नावाचा गठ्ठा दिसेल, त्यात पहिली ओळ "पॅकेज आयडी शून्य", तीच मुख्य, पूर्ण चिपचं तापमान. खाली कोअर शून्य, कोअर एक असे सुटे सुटे, कोअर म्हणजे चिपच्या आतले वेगवेगळे काम करणारे भाग. प्रत्येकासमोर कंसात "हाय" आणि "क्रिट" असे दोन आकडे असतात, हाय म्हणजे इथून पुढे गरम समजा, क्रिट म्हणजे शेवटची हद्द, इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉप चिपला ती १०० च्या आसपास असते. एएमडीवाल्यांना "के-टेन-टेम्प" नावाखाली "टीसीटीएल" अशी ओळ दिसेल. यात एक गंमत आहे, रायझनच्या सुरुवातीच्या काही मॉडेलमध्ये हा टीसीटीएल आकडा मुद्दाम वाढवून दाखवतात, १७००एक्स आणि १८००एक्सला खऱ्यापेक्षा २० डिग्री जास्त, २७००एक्सला १० जास्त, कारण तो आकडा फॅन कंट्रोल करायला दिलेला असतो. त्याच्याखाली "टीडाय" अशी वेगळी ओळ असेल तर खरं तापमान ते.

बाकीच्या ओळींमध्ये कुठे शून्य, कुठे वजा १२८, कुठे २५५ असले आकडे दिसले तर मशीन पेटलेलं नाही. मदरबोर्डच्या चिपला सेन्सरसाठी जागा असते पण पुढे काही जोडलेलंच नसतं, म्हणून ती वाट्टेल ते दाखवते. सोडून द्यायचं.

एकदा बघून भागत नाही, सतत बघायला "वॉच हायफन-एन २ सेन्सर्स" टाका, म्हणजे वॉच, स्पेस, हायफनला चिकटून एन, स्पेस, दोन, स्पेस, सेन्सर्स. दर दोन सेकंदाला आकडा ताजा होतो. थांबवायला कंट्रोल आणि सी. टर्मिनलमध्ये कुठेही अडकलात तर बहुतेक वेळा कंट्रोल सी नाहीतर नुसतं क्यू, हे दोन लक्षात ठेवले तरी अर्धी भीती जाते.

काहीच इन्स्टॉल करायचं नसेल, समजा दुसऱ्याचं मशीन आहे किंवा नेट नाही, तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतःच आकडा फाइलमध्ये ठेवतं: "कॅट स्लॅश सिस स्लॅश क्लास स्लॅश थर्मल स्लॅश थर्मल अंडरस्कोर झोन, लगेच चांदणी, स्लॅश टेम्प". कॅट म्हणजे सी-ए-टी, सिस म्हणजे एस-वाय-एस, टेम्प म्हणजे टी-ई-एम-पी. कॅटनंतर एक स्पेस, पण स्लॅशवाल्या रस्त्यात कुठेही स्पेस द्यायची नाही, पुढचे रस्ते पण असेच. ५४००० असं काही दिसेल, ते हजारपट करून लिहिलेलं असतं, हजाराने भागा, ५४ डिग्री. कोणता झोन कशाचा ते बघायला शेवटी टेम्पच्या जागी "टाइप" टाका.

आता पहिली नोंद. मशीन चालू करून दहा-पंधरा मिनिटं काही न करता राहू द्या, ब्राउझर पण बंद. समजा खोली ३८ आणि प्रोसेसर ५३, म्हणजे फरक १५. हा फरक वहीत लिहा, तारखेसकट. डेस्कटॉपला रिकाम्या अवस्थेत १० ते २० चा फरक माझ्या मते ठीकच, लॅपटॉपला थोडा जास्त चालतो. पण काहीच चालू नसताना फरक ३० च्या वर जात असेल तर एकतर आतून धूळ बसलीय, किंवा प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (गरमी बाहेर न्यायला लावलेला लेप) वाळलीय, किंवा "काहीच चालू नाही" हे खोटं आहे आणि मागे कोणीतरी प्रोसेसर खातोय.

तो कोण खातोय ते बघायला "टॉप". हे प्रत्येक लिनक्सवर आधीपासून असतं. उघडल्यावर कॅपिटल पी दाबा, सगळ्यात जास्त प्रोसेसर खाणारा वर येतो. एक हा आकडा दाबा, प्रत्येक कोअर वेगळा दिसतो. एखाद्या प्रोग्रामसमोर १८० टक्के दिसलं तर दचकू नका, इथे १०० म्हणजे एक कोअर पूर्ण, चार कोअरच्या मशीनवर ४०० पर्यंत जाऊ शकतं.

वरच्या ओळीत यूएस, एसवाय, आयडी, डब्ल्यूए अशी अक्षरं असतात. यूएस म्हणजे तुमचे प्रोग्राम, एसवाय म्हणजे कर्नलचं काम, आयडी म्हणजे रिकामं. आणि डब्ल्यूए, याच्याकडे जरा थांबून बघा, कारण आपल्याकडे दुकानादुकानात जी जुनी मशीन आहेत त्यातल्या अर्ध्यांचं दुखणं इथे असतं. डब्ल्यूए म्हणजे प्रोसेसर हार्डडिस्कची वाट बघत बसलाय. लग्नपत्रिका छापणारा माणूस म्हणतो की उन्हाळ्यात मशीन स्लो होतं, गरम होत असेल, आणि बघायला जावं तर प्रोसेसर ५५ वर शांत बसलेला आणि डब्ल्यूए ४०, कारण लग्नसराईत तीनशे-तीनशे एमबीच्या फाइली आणि हार्डडिस्क जुनी गोल फिरणारी. तिथे कूलिंग पॅड घेऊन काही होणार नाही, एसएसडी टाका. तापमान बघायच्या आधी हे बघा असं मी म्हणेन, निम्मे पैसे वाचतात.

टॉपचं देखणं रूप म्हणजे "एचटॉप", "सुडो एपीटी इन्स्टॉल एचटॉप" ने येतं. रंगीत पट्ट्या, माउस चालतो. एफ-टू दाबा, डिस्प्ले ऑप्शन्समध्ये जा, तिथे सीपीयूचं तापमान दाखवण्याची खूण असते, स्पेसने ती टिकमार्क करा, मग प्रत्येक कोअरच्या पट्टीवरच डिग्री दिसते. बाहेर पडायला एफ-टेन लिहिलेलं असतं पण काही टर्मिनलमध्ये त्याने भलताच मेनू उघडतो, क्यू दाबा.

"अपटाइम" टाकलं की शेवटी लोड अ‍ॅव्हरेजचे तीन आकडे येतात, मागच्या १, ५ आणि १५ मिनिटांचे. हे टक्के नाहीत. बँकेत चार खिडक्या आहेत आणि चार माणसं कामाला आलीत तर कोणी खोळंबत नाही, नऊ आली तर पाच जण ताटकळत उभे, तसं. खिडक्या किती ते "एनप्रॉक" सांगतं, एन-पी-आर-ओ-सी. एनप्रॉक ४ आणि लोड ३.५ असेल तर मजेत, ९ असेल तर रांग लागलीय. पण लिनक्समध्ये या रांगेत डिस्कची वाट बघणारे पण मोजतात, म्हणून लोड जास्त दिसला की लगेच प्रोसेसरला शिव्या न देता परत तो डब्ल्यूए बघायचा.

आता खरी परीक्षा, मशीनला मुद्दाम राबवायचं. लॅपटॉप असेल तर चार्जर लावा, बॅटरीवर बरेच लॅपटॉप स्पीड आपोआप कमी करतात आणि मग आकडे तुलनेला कामाचे राहत नाहीत. लोडशेडिंगची वेळ असेल तर ही टेस्ट करूच नका, डेस्कटॉप छोट्या यूपीएसवर असताना मध्येच लाइट गेली तर पूर्ण लोडवर तो किती टिकेल सांगता येत नाही. उघड्या फाइली सेव्ह करा. मग "सुडो एपीटी इन्स्टॉल स्ट्रेस-एनजी" आणि "सुडो एपीटी इन्स्टॉल एस-टीयूआय". दुसरं जे आहे ते एस, हायफन, टी-यू-आय, ते टर्मिनलमध्येच स्पीड, लोड आणि तापमानाचे आलेख काढून दाखवतं, बऱ्याच मशीनवर वॅट पण दाखवतं. मला विचाराल तर नवीन माणसाला एवढं एक टूल पुरे.

एका खिडकीत "एस-टीयूआय" चालू ठेवा. दुसरी खिडकी उघडून:

स्ट्रेस-एनजी हायफन-हायफन-सीपीयू ० हायफन-हायफन-टाइमआउट ५एम

दोन्ही ठिकाणी दोन हायफन एकमेकांना चिकटून. शून्य म्हणजे असतील तेवढे सगळे कोअर, ५एम म्हणजे पाच मिनिटांनी आपोआप थांब. तुम्हाला वाटेल दोन मिनिटं पुरे, पण पहिल्या अर्ध्या मिनिटात प्रोसेसर टर्बोवर, म्हणजे थोडा वेळच टिकणाऱ्या जास्तीच्या स्पीडवर, पळतो आणि गरमी ओढून घेणारा धातूचा हीटसिंक तापायला वेळ लागतो, खरं चित्र तीन-चार मिनिटांनंतर दिसतं. मध्येच घाबरलात तर कंट्रोल सी आहेच.

या पाच मिनिटांत तापमानापेक्षा स्पीडची रेघ बघा. चांगल्या मशीनमध्ये सुरुवातीला उंच जाते, मग थोडी उतरून एका जागी सपाट चालते. ती सपाट जागा तुमच्या चिपच्या बेस स्पीडच्या (कंपनीने सांगितलेला नेहमीचा स्पीड) वर किंवा बरोबर असेल तर तापमान ८५ असो नाहीतर ९०, मशीन आपलं काम करतंय. बेस स्पीड किती ते बऱ्याचदा "एलएससीपीयू" टाकल्यावर इंटेलच्या मॉडेलच्या नावातच दिसतो, नसेल तर मॉडेलचं नाव कंपनीच्या साइटवर टाकून बघा. पण रेघ करवतीच्या दात्यांसारखी वर-खाली करत असेल, तापमान क्रिटच्या जवळ चिकटलेलं असेल आणि स्पीड बेसच्याही खाली येत असेल, तर प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच हळू होतोय. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात.

इंटेलमध्ये हे नुसतं डोळ्याने ताडायची गरज नाही, कर्नल मोजून ठेवतं. "सुडो डीमेसेज" टाका, स्पेलिंग डी-एम-ई-एस-जी, मग उभी रेघ, मग "ग्रेप हायफन-आय थ्रॉटल". टेम्परेचर थ्रेशोल्डच्या वर गेलं आणि क्लॉक थ्रॉटल झालं अशा ओळी आल्या तर पक्कं. मोजणी हवी असेल तर स्लॅश सिस स्लॅश डिव्हाइसेस स्लॅश सिस्टम स्लॅश सीपीयू स्लॅश सीपीयू० मध्ये "थर्मल अंडरस्कोर थ्रॉटल" नावाचं फोल्डर असतं, त्यात पॅकेजच्या नावाची काउंट फाइल कॅट करा. एवढा लांब रस्ता टाइप करताना दोन-तीन अक्षरं टाकून टॅब दाबत जा, बाकीचं ते स्वतः भरतं. ही मोजणी मशीन चालू केल्यापासूनची असते. स्ट्रेस टेस्टमध्ये वाढली तर फार मनावर घेऊ नका, रोजच्या टॅली आणि ब्राउझरच्या कामात वाढत असेल तर मात्र काहीतरी करायला हवं.

आता परत वजाबाकी. समजा खोली ३८, पूर्ण लोडवर ८८, फरक ५०. हेच मशीन जानेवारीत २० च्या खोलीत ७० च्या आसपास असेल. अगदी गणितासारखं जुळणार नाही कारण गरमीत फॅन जास्त जोरात फिरतो, पण साधारण जुळतं. म्हणजे जानेवारीत ८५ दाखवणारं मशीन तेव्हा ठणठणीत वाटत असलं तरी मे महिन्यात त्याला जागाच उरत नाही, ते थ्रॉटल होणार. म्हणून आपल्याकडे मशीनची तपासणी होळीच्या आधी करून घ्यायची, मे महिन्यात कळून उपयोग काय.

उपाय काय? आधी साफसफाई. जिनिंगच्या आसपास, वजनकाट्यावर किंवा दालमिलच्या ऑफिसात मशीन असेल तर धूळ नुसती धूळ नसते, कापसाचं रुं हीटसिंकच्या पात्यांवर चिकटून नमदा बनतं आणि वरून फॅन छान फिरताना दिसतो पण हवा आरपार जातच नाही. मशीन बंद करून, वायर काढून ब्लोअर मारा, मारताना फॅनची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं. सफाईने फरक पडला नाही आणि मशीन पाच-सात वर्षांचं असेल तर थर्मल पेस्ट बदलून घ्या. लॅपटॉप गादीवरून उचलून टेबलावर. आणि वाळ्याचा कूलर सीपीयूच्या तोंडासमोर लावू नका, खोली थंड होते ते चांगलंच आहे, पण पाण्याचे बारीक तुषार थेट आत गेले की आधीची धूळ चिखल होऊन बसते. कूलर लांब आणि खिडकी थोडी उघडी, एवढं बास.

पैसे खर्च न करता उतरवायचं असेल तर इंटेलवाल्यांसाठी एक सोपी युक्ती आहे, टर्बो बंद करा. "इको १", उभी रेघ, "सुडो टी", स्पेस, आणि मग रस्ता: स्लॅश सिस स्लॅश डिव्हाइसेस स्लॅश सिस्टम स्लॅश सीपीयू स्लॅश इंटेल अंडरस्कोर पीस्टेट स्लॅश नो अंडरस्कोर टर्बो. इथे इको म्हणजे ई-सी-एच-ओ आणि टी म्हणजे टी-ई-ई. तापमान झटक्यात बरंच खाली येतं, स्पीड थोडा कमी होतो पण टिकून राहतो, दुपारी एक ते पाच बिलिंगच्या मशीनला हेच बरं. रीस्टार्ट केलं की टर्बो आपोआप परत चालू होतो, त्यामुळे करून बघायला धोका नाही. आणि गव्हर्नरमध्ये (प्रोसेसरचा स्पीड ठरवणारी सेटिंग) "पॉवरसेव्ह" लिहिलेलं दिसलं म्हणून मशीन कायम हळू चालतंय असं समजू नका, इंटेलच्या नवीन ड्रायव्हरमध्ये त्या नावाखाली पण स्पीड गरजेप्रमाणे वर-खाली होतोच.

विंडोजवाल्यांसाठी: पॉवरशेलमधून, म्हणजे विंडोजच्या टर्मिनलमधून, तापमान मागता येतं, पण जो आकडा मिळतो तो बऱ्याचदा बोर्डाच्या कुठल्यातरी झोनचा असतो, तासन्‌तास हलत नाही, आणि काही मशीनवर सरळ सपोर्ट नाही असं उत्तर येतं. वर तो केल्विनच्या दहापटीत असतो, ३१३२ आलं तर दहाने भागून ३१३.२, त्यातून २७३.१५ वजा, म्हणजे साधारण ४० डिग्री. एवढं करून भरवसा नाही, म्हणून विंडोजवर कमांडच्या मागे न लागता एखादं चांगलं खिडकीवालं टूल घ्या.

रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या कॉम्प्युटरवर "व्हीसीजेनसीएमडी मेझर अंडरस्कोर टेम्प" चालतं (पहिला शब्द व्ही-सी-जी-ई-एन-सी-एम-डी), आणि त्याहून कामाचं "व्हीसीजेनसीएमडी गेट अंडरस्कोर थ्रॉटल्ड". उत्तर शून्य-एक्स-शून्य आलं तर सगळं ठीक. दुसरं काही आलं तर बऱ्याच वेळा दोष उन्हाचा नसतो, मोबाइलचा स्वस्तातला चार्जर लावलेला असतो आणि व्होल्टेज पडत असतं. गरमीचा ब्रेक तो ८० डिग्रीपासून मारायला लागतो.

शेवटचं काम नोंदीचं, कारण मशीन दुपारी त्रास देतं आणि तुम्ही बघायला जाता संध्याकाळी. ठरलेल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी यादी असते, ती उघडायला "क्रॉनटॅब हायफन-ई" टाका, कोणता एडिटर हवा विचारलं तर नॅनो निवडा, आणि सगळ्यात खाली एक ओळ टाका: चांदणी स्लॅश ५, मग स्पेस देत देत अजून चार चांदण्या, मग गोल कंसात "डेट", अर्धविराम म्हणजे टिंबाखाली स्वल्पविराम असतो ते चिन्ह, "सेन्सर्स", कंस बंद, मग दोन मोठ्यापेक्षा-चिन्हं, आणि फाइलचं नाव, होम फोल्डरच्या पूर्ण रस्त्यासकट. दर पाच मिनिटांनी वेळ आणि तापमान त्या फाइलच्या खाली जोडलं जातं. त्या मशीनवर एसएसएच (लांबून नेटवरून त्या मशीनचं टर्मिनल उघडायची सोय) चालू असेल तर जळगावात बसून चोपड्याच्या दुकानातली फाइल वाचता येते, टर्मिनल शिकायचा खरा फायदा मला इथे दिसतो, पंचावन्न-साठ किलोमीटर उन्हात गाडी दामटायला लागत नाही. दुकानदाराला फक्त दुपारी बारा, दोन आणि चारला थर्मामीटरचा आकडा कागदावर लिहून ठेवायला सांगा. फाइल आणि कागद शेजारी ठेवले की खोली तापल्यामुळे प्रोसेसर चढला की खोली तेवढीच असताना एकटा चढला ते लगेच कळतं, दुसरं असेल तर त्या वेळेला कोणता प्रोग्राम चालू होतो ते शोधा, बॅकअप किंवा अपडेट निघायची शक्यता जास्त. आठवडाभराच्या नोंदी पुरतात, मग क्रॉनटॅबमधली ती ओळ काढून टाका, नाहीतर फाइल दिवाळीपर्यंत फुगत बसेल.